धूर दिसेल तिथे पालखी

सबनीससाहेबांनी मला पालखीची वेळ विचारली तेव्हा मी त्यांच्या विहिरीच्या तळाशी होतो. पंपाचा फूटवॉल्व गाळात रुतला होता, तो सोडवायला उतरलो होतो. कमरेइतकं पाणी, वर वाटोळं आभाळ आणि त्या आभाळाच्या कडेला साहेबांचं डोकं.

"धाकूमामा," डोकं म्हणालं, "उद्या देवीची पालखी आमच्याकडे साधारण किती वाजता येईल? पुण्याहून पाहुणे येतायत. नाश्त्याच्या आधी आली तर बरं. नंतर सगळे समुद्रावर जातील."

जणू काळकाईची पालखी म्हणजे एसटीची सकाळची फेरी. एरवी मी हसून 'येईल येईल' म्हटलं असतं आणि गाळात हात घातला असता. पण त्या दिवशी माझं डोकं सकाळपासून फिरलेलं होतं.

"तुमच्याकडे येणार नाही," मी खालून म्हणालो.

पुढे काय बोलायचं ते मला ठाऊक नव्हतं. थापेचं असंच असतं. पहिलं वाक्य दावं तोडून सुटतं आणि मग आपण त्याच्यामागे धावत सुटतो. शिवाय विहिरीचा एक गुण आहे. तळाशी बोललेलं वर पोचेपर्यंत फार भारदस्त होतं. आमच्या हुंबरण्यात माझ्या शब्दावर कुत्रंसुद्धा शेपूट हलवत नसे. मी एकदा शार्क माशाच्या पाठीवर बसून खाडी ओलांडली होती, तेही लोकांना अजून पटलेलं नाही. पण त्या विहिरीतून माझाच आवाज मला एखाद्या शास्त्रीबुवासारखा ऐकू आला.

"येणार नाही म्हणजे? आम्ही वर्गणी भरली आहे."

"वर्गणीचा प्रश्न नाही साहेब. देवी धूर बघते."

"धूर?"

"ज्या घरावर चुलीचा धूर दिसतो तिथंच पालखी वळते. धूर नाही, ते घर देवीच्या लेखी रान. रानात ती शिकारीला जाते, ओटी भरून घ्यायला नाही."

साहेब विचारात पडले. "आमच्याकडे गॅस आहे."

"गॅसला धूर कुठाय."

"मग उद्या पेटवू की काहीतरी. बार्बेक्यूची शेगडी आणली आहे मी."

"तशी चालत नाही. चूल मालकीच्या माणसाची लागते. बारा महिने त्याच जागेवर रांधून खाणाऱ्याची. पाहुण्याची चालत नाही, चाकराची चालत नाही. माझा आजा पालखीचा खांदेकरी होता, तेव्हापासून हे असं आहे." आणि इथे जोरात आलेल्या माणसाचा पाय घसरतो तसा माझा घसरला. "खोटं वाटत असेल तर रावजीतात्यांना विचारा."

डोकं आभाळातून नाहीसं झालं. मी तिथेच कपाळावर हात मारून घेतला. हात गाळाचा होता.

रावजी गावकर म्हणजे आमच्या गावचे मुख्य मानकरी. पालखी कधी उठायची, कुठल्या वाटेने जायची, कुणाच्या अंगणात टेकायची, हे सगळं त्यांच्या शब्दावर. आणि हा माणूस जन्मात खोटं बोललेला नव्हता. एकदा त्यांनी म्हैस विकायला काढली. गिऱ्हाईक आलं तर म्हणाले, "लाथ मारते, दूध चोरते आणि गेल्या साली माझ्या धाकट्या भावाला तिनं शेणात पाडला." गिऱ्हाईक पळालं. पुढच्यालाही तेच सांगितलं. शेवटी ती म्हैस त्यांच्याच गोठ्यात म्हातारी होऊन मेली. अशा माणसाचं नाव मी थापेला साक्षीदार म्हणून दिलं होतं.

आता डोकं का फिरलेलं होतं, ते सांगतो.

माझा भाचा सुदेश गवंडी होता. आमच्या वाडीपासून समुद्रापर्यंत त्या काळात बंगल्यांची रांग उठली होती. मालक पुण्यामुंबईचे, दिवाळीला चार दिवस, मे महिन्यात आठ दिवस, बाकी वर्षभर कुलूप. त्यातल्या सात कुलपांच्या किल्ल्या माझ्या कमरेला असत. चालताना मी बैलासारखा वाजायचो. यातले निम्मे बंगले सुदेशच्या हातचे. आणि स्वतः सुदेश झोपायचा माझ्या बहिणीच्या पडवीत, कारण तिच्या दोन खोल्यांत दोन थोरले भाऊ, त्यांच्या बायका आणि त्यांची पोरं कोंबलेली. गावात तुकडाभर जागा घ्यायची तर भाव पुण्याच्या हिशेबाने झाला होता. हुंबरण्यातल्या माणसाने हुंबरण्यात जागा घ्यायची असेल तर त्याने आधी पुण्यात जन्म घ्यायला हवा होता.

गंगाराम शिगवणाची वनिता आणि सुदेश, दोघांचं जमलेलं सगळ्या गावाला माहीत होतं. गंगारामलाही सुदेश पसंत होता. पण त्या दिवशी सकाळी पारावर त्याने मला गाठलं.

"धाकूशेट, स्पष्ट बोलतो. नालासोपाऱ्याचं एक स्थळ आलंय वनितेला. पोरगा शिमग्याला गावी आलाय. उद्या पालखी झाली की मी त्यांना शब्द देणार."

"आणि सुदेश?"

"सुदेश सोन्यासारखा हाय. पण माझी पोर पडवीत संसार मांडणार नाय. येणारंजाणारं तिच्या अंथरुणावरून पाय टाकून जाईल. स्वतःचं दार दाखव, मी आज हळद वाटतो."

"माझी खोली हाय की. मी बाहेर झोपेन."

"तुझ्या एका खोलीत तू, तुझी शेळी आणि तुझ्या थापा. चौथ्याला जागा कुठाय?"

मी लग्न केलेलं नाही, जेवायला बहिणीकडे जायचो, आणि माझ्या खोलीत खरोखरच शेळीचा हक्क माझ्यापेक्षा जास्त होता.

सुदेशला विचारलं तर तो म्हणाला, "मामा, तिला नालासोपाऱ्याला दिली तर मीपण गाव सोडतो. दुबईला गवंड्यांना मागणी हाय." त्याने ते इतकं थंडपणे सांगितलं की मला ते खरं वाटलं. मी थापाड्या असल्यामुळे खरं बोलणं मला लगेच ओळखू येतं.

एवढं सगळं डोक्यात घेऊन मी विहिरीत उतरलो होतो. आणि गंमत अशी की साहेबांच्या कंपाउंडच्या कोपऱ्यात, रस्त्याला लागून, एक पडका गोठा होता. ती सगळी जागा मुळात सुदेशच्या आजोबांची. चुलत्याने ती एका दलालाला दिली, दलालाने साहेबांना. बंगला नवा झाला, नाव दिलं 'निवांत', गोठा तसाच राहिला. तिथे साहेब पोहायचा तलाव बांधणार होते. समुद्र हाकेच्या अंतरावर, आणि साहेबांना पोहता येत नव्हतं.

मी दोर धरून वर आलो तर साहेब चपला घालून तयार. मागे सबनीसबाई, डोक्यावर उन्हाची टोपी. "चला," साहेब म्हणाले. "मला या गोष्टींत फार रस आहे. विचारूनच येऊ तात्यांना."

"ते कामात असतील."

"पाच मिनिटं."

माझ्या लुंगीतून पाणी गळत होतं. वाटभर मी देवीला नवस बोललो की तात्या घरी नसू देत. देवीने ऐकलं नाही. तिच्याच पालखीला तात्या अंगणात बसून रेशमी गोंडे बांधत होते.

साहेबांनी चप्पल काढून नमस्कार केला आणि सगळं विचारलं. धूर, चूल, मालकीचा माणूस, माझा आजा. थापेतला एकही तुकडा त्यांनी सांडला नाही. माणूस हुशार होता, कंपनीत मोठ्या हुद्द्यावर होता, पण गावाकडचं काहीही ऐकलं की त्याचे डोळे लहान पोरासारखे व्हायचे. त्याला स्वतःला गावच नव्हतं. वडिलांची बदलीची नोकरी, जन्म एका गावात, मुंज दुसऱ्या, शाळा पाच. हे मला बाईंनी नंतर सांगितलं.

तात्यांनी गोंडा बांधून पुरा केला. मग साहेबांकडे न बघता विचारलं, "हे कोण म्हणालं?"

"धाकूमामा."

तात्यांनी माझ्याकडे पाहिलं. पायाखाली माझ्या लुंगीचं तळं झालं होतं. मी त्यांच्याकडे पाहिलं नाही, अंगणातल्या कोंबडीकडे पाहिलं. कोंबडीसुद्धा माझ्याकडे अविश्वासाने बघत होती.

"धाकू बोलला ते अर्धवट," तात्या म्हणाले.

मी पळायची वाट बघून ठेवली.

"धूर नुसता दिसून भागत नाय. पालखी दारात आली की घरधनीण त्याच चुलीतल्या निखाऱ्यावर ऊद घालून बाहेर आणते. तो धूर देवीला दाखवायचा, मग ओटी. तुमच्या त्या जागेवर तान्या आजोबा राहायचा. त्याची बायको लंगडी होती. ती निखारा घेऊन येईपर्यंत पालखी वाट बघत उभी राहायची. माझ्या बापाच्या खांद्याला त्यानं घट्टा पडलेला. पुढं त्याचा पोरगा जागा विकून गेला मुंबईला, चूल विझली, पालखी सरळ जायला लागली."

मी तोंड उघडं टाकून ऐकत होतो. लंगडी बायको. खांद्याचा घट्टा. मला चाळीस वर्षांच्या सरावात असली बारीक कलाकुसर जमली नव्हती. क्षणभर मला वाटलं, हे खरंच असणार आणि मला माहीत नसताना मी विहिरीत खरं बोलून बसलो.

साहेब हळहळले. "म्हणजे यावर काही उपाय नाही?"

"विझल्या चुलीच्या जागी चूल हाच उपाय. बाकी देवीची मर्जी."

सबनीसबाईंनी टोपी काढली. "हे तान्या आजोबा कुणाचे कोण?"

"आमच्या सुदेशचे आजोबा," मी म्हणालो. "तुमचा जिना ज्यानं बांधला तो."

"सुदेश का," बाई म्हणाल्या. "त्या मुलाला मी विचारलं होतं, तुझं घर कुठलं म्हणून. तर म्हणाला, बांधतोय. मला वाटलं, स्वतःचं बांधतोय."

परतताना साहेब बोलत राहिले. ही सगळी श्रद्धेची गोष्ट आहे, प्रत्यक्षात पालखी आल्यावर देवी असं दारावरून थोडीच जाईल, आपण ओटीची तयारी ठेवू. बाई एवढंच म्हणाल्या, "त्या कोपऱ्यात तुम्ही तलाव बांधणार. त्यात पोहणार कोण, बार्बेक्यूची शेगडी?"

दुसऱ्या दिवशी पालखी उठली. आमच्याकडे शिमग्याचा ढोल वाजला की मेलेला माणूस तिरडीवर ताल धरतो. हे मी डोळ्यांनी पाहिलंय, पण ते पुन्हा कधीतरी. सनई, ताशा, पुढे निशाण, गुलालाने लाल झालेली पोरं. पालखीच्या पुढच्या दांडीला मी आणि सुदेश, मागच्या दांडीला एक पोस्टमन आणि शाळेतला शिपाई. शिपाई साठीचा होता आणि दर वळणावर त्याला दम लागत होता. वाडीतली घरं झाली. प्रत्येक अंगणात पालखी नाचवली, टेकवली, ओटी भरली, पुढे निघालो.

मग बंगल्यांचा रस्ता लागला. एक कुलूप, दुसरं कुलूप, तिसरं कुलूप. तिथे ढोलकऱ्यांचाही हात हळू पडायचा. भिंतींवरून आवाज उलटा यायचा.

'निवांत'च्या फाटकात मात्र मेळाच भरला होता. पुण्याचे पाहुणे, त्यांची मुलं, गळ्यांत कॅमेरे. फाटकाला तोरण, अंगणात रांगोळी, मध्ये पाट. साहेब सोवळं नेसून उभे, हातात नारळ आणि खण. बाईंच्या हातात ताट. थाप मारताना समोरच्या माणसाचं तोंड आपण कधी बघत नाही. विहिरीतून तर दिसतही नाही.

तात्या सगळ्यांत पुढे होते. त्यांनी मान वर केली, 'निवांत'च्या कौलांवर नजर फिरवली, कोपऱ्यातल्या गोठ्यावर फिरवली, आणि हात सरळ पुढे केला.

पालखी पुढे गेली.

चार पावलं, पाच पावलं. पाहुण्यांतलं कोणीतरी म्हणालं, "अरे, थांबत का नाहीयेत?" मी मान वळवून पाहिलं. साहेब नारळ छातीशी धरून तसेच उभे होते. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. शाळेत नवीन आलेल्या पोराला खेळात घेतलं नाही की ते जसं कडेला उभं राहतं, तसे ते उभे होते.

मग ते धावले. सोवळं एका हाताने सावरत, अनवाणी, आमच्या मुलखातल्या खडीवरून. पालखीच्या पुढे येऊन उभे राहिले.

"तात्या, माझं ऐका. तो कोपरा मी सुदेशला देतो. ज्या भावाने मी घेतला त्याच भावाने, पैसे जमतील तसे. रस्त्याकडे दार, माझ्या कंपाउंडशी संबंध नाही. त्याचं घर, त्याचं नाव."

"माझ्याकडे काय बोलता," तात्या म्हणाले. "देवीकडे बोला."

साहेब देवीकडे वळले आणि पुन्हा सगळं बोलले. या वेळी आवाज खणखणीत होता. तात्यांनी तिथेच गाऱ्हाणं घातलं. "बये काळकाई, ह्या लेकरानं आपल्या तोंडानं, गावासमक्ष, तान्याच्या वंशाची जागा तान्याच्या वंशाला दिली हाय. दिला शब्द त्याच्याकडून पाळून घे, त्याला आणि त्याच्या पोराबाळांना सुखी ठेव." सगळा गाव म्हणाला, "व्हय महाराजा." साहेबही म्हणाले, सगळ्यांच्या नंतर, एकटेच.

माझ्या शेजारी सुदेश टाचा उंचावून साहेबांकडे बघायला लागला. पालखी माझ्या बाजूला कलली.

"पण चूल कुठाय?" गर्दीतून गंगाराम म्हणाला. त्याच्या शेजारी नालासोपाऱ्याचा पोरगा उभा होता, इस्त्रीच्या शर्टात, गुलाल लागू नये म्हणून दोन पावलं मागे. "पालखी वळायची तर चूल लागते म्हणतात. ती पेटल्याशिवाय हे सगळं बोलणंच झालं."

गंगाराम आडमुठा नव्हता. त्याला आज, आत्ता, दिसायला हवं होतं. आणि त्याचं म्हणणं बरोबर होतं, माझ्याच थापेप्रमाणे.

तात्यांनी हात वर केला. ढोल थांबले.

तेवढ्यात बायकांच्या घोळक्यातून वनिता बाहेर आली. नवी अबोली साडी नेसली होती, नालासोपाऱ्याच्या लोकांसाठी आईने नेसवलेली. तिने पदर खोचला, रस्त्याच्या कडेचा जांभ्या दगडाचा एक चिरा उचलला आणि सरळ गोठ्यात शिरली. परत आली, दुसरा उचलला. तिसऱ्याला तिच्या आधी सबनीसबाईंनी हात घातला, पण तो त्यांना हलेना, तेव्हा दोघींनी मिळून नेला. गोठ्यात छप्पर नव्हतंच, सगळ्यांना सगळं दिसत होतं. वनिताने तीन चिरे मांडले, वाळक्या झावळ्या मोडून घातल्या.

"मामा," तिने मला हाक मारली, "माचिस हाय?"

ते 'मामा' ऐकलंत का तुम्ही? तोवर ती मला 'धाकूकाका' म्हणायची. मामा मी सुदेशचा. गंगारामने ऐकलं. त्याच्या बायकोने ऐकलं. सगळ्या गावाने ऐकलं. नालासोपाऱ्याचा पोरगा आणखी दोन पावलं मागे गेला आणि पोस्टमनच्या धाकट्या भावाने त्याला मागून गुलालाने माखला.

माझे दोन्ही हात दांडीला. माचिस साहेबांच्या एका पाहुण्याने दिली.

झावळ्या आतून ओलसर होत्या. आधी नुसतं काळं फुसफुसलं. वनिता गुडघ्यावर बसून फुंकर घालत होती, डोळ्यांतून पाणी, नाकाला काजळी. मग एकदम भडका झाला आणि गोठ्याच्या पडक्या भिंतीवरून पांढरा धूर वर चढला. सरळ, उंच, नारळाच्या शेंड्यांपर्यंत. मी म्हणतो तो धूर त्या दिवशी चिपळुणातून दिसला. तुम्ही म्हणाल थाप, पण चिपळूणच्या एका माणसाने मला ते स्वतः सांगितलंय.

तात्यांनी हात वळवला.

ढोल असे सुटले की साहेबांच्या पाहुण्यांच्या गाडीचा भोंगा आपोआप वाजायला लागला. आम्ही पालखी गोठ्यासमोर नाचवली. वनिताने करवंटीत निखारा घेतला, बाईंच्या ताटातला ऊद त्यावर टाकला आणि धूर देवीपुढे धरला. ती लंगडत नव्हती, पण घाबरून इतकी हळू चालली की मागचा शिपाई म्हणाला, "पोरी, माझा खांदा गेला गं." ओटी वनिताने आणि बाईंनी दोघींनी भरली. मग तात्यांनी पालखी दहा पावलांवरच्या 'निवांत'च्या पाटावरही टेकवली. "धूर दोन्ही घरांवर पसरलाय," म्हणाले.

शिपायाने खांदा बदलायला कुणीतरी मागितलं तर साहेब पुढे आले. त्यांना ताल नव्हता. पालखी डावीकडे तर साहेब उजवीकडे. पण सोडायला तयार होईनात. सोवळं सुटत आलं, बाईंनी मागून गाठ मारली, तरी नाचत राहिले. पाहुणे समुद्रावर गेलेच नाहीत.

गंगाराम माझ्याजवळ येऊन उभा राहिला. "दार कुठाय रे?" तो म्हणाला, पण हसत होता.

"सुदेश गवंडी हाय. पावसाच्या आधी दार लावेल."

"खिडकीपण लाव म्हणावं. तिला उजेड लागतो," आणि बायकोला हाक मारून म्हणाला, "अगं, हळद हाय काय घरात?"

संध्याकाळी पालखी सहाणेवर बसली, तिच्या नेहमीच्या ओट्यावर. बाकीचे पुरणपोळीवर तुटून पडले तेव्हा मी तात्यांपाशी सरकलो.

"तात्या, ती लंगडी बायको खरी काय?"

"तान्याची बायको चांगली धडधाकट होती. गावजत्रेत धावायची."

"आणि घट्टा?"

तात्यांनी सुपारी कातरली. "मागच्या दांडीला कोण होतं ते बघितलंस? साठ वर्षाचा शिपाई. सुदेश दुबईला गेला असता तर पुढल्या साली तुझ्या शेजारी कुणाला उभा करणार होतास, शेळीला? एवढे बंगले झाले, त्यातनं एक खांदा निघत नाय. देवी देवळात ऱ्हाते असं लोकांना वाटतं. ती खांद्यावर ऱ्हाते."

"म्हणजे तुमी सरळ थाप मारलीत."

"तू विहिरीत काय बोललास ते साहेब बोलत होते तेव्हाच मला कळलं. मी म्हटलं, ह्याला एकट्याला जमणार नाय." त्यांनी सुपारी तोंडात टाकली. "पण आता गावासमक्ष बोललो. देवीपुढं गाऱ्हाणं घातलं. म्हणजे आता ती प्रथा झाली. पाळायला लागणार."

मी हसलो. मला वाटलं, तात्या गंमत करतात. तात्या जन्मात कधी गंमत करत नसत, हे मी विसरलो होतो.

पुढल्या शिमग्याला पालखी सगळ्यांत आधी गेली सुदेशच्या दारात. दोन खोल्या, निळं दार, खिडक्या तीन. वनिताच्या कुशीत झबल्यातलं तान्हं बाळ. शेजारी 'निवांत'मध्ये साहेब महिनाभर मुक्कामाला, खांद्याला तेल चोळून तयार. बाकीच्या बंगल्यांतही बोलणं पोचलं होतं. दोघा मालकांनी कोपरे सोडले होते, तिसरा अजून विचार करत होता आणि त्याच्या दारावरून पालखी सरळ गेली.

तशी ती माझ्या दारावरूनही सरळ चालली.

"तात्या," मी दांडी खांद्यावर असतानाच ओरडलो, "हे माझं घर."

तात्यांनी माझ्या छपराकडे पाहिलं. "धूर कुठाय?"

"मी बहिणीकडे जेवतो, तुमाला ठाऊक नाय काय? सगळ्यांना ठाऊक हाय."

"मग ओटी बहिणीकडे भर."

"अहो पण ही प्रथा मीच..." पुढचं वाक्य मी गिळलं. साहेब माझ्या शेजारच्याच दांडीला होते आणि मोठ्या भक्तिभावाने मान डोलवत होते. "प्रथा म्हणजे प्रथा, धाकूमामा," ते म्हणाले.

सगळा गाव हसत होता. माझ्या घरात चूल होती, पण तिच्यात शेळी बसायची.

शेवटी वनिताच धावत घरी गेली आणि करवंटीत निखारे घेऊन आली. "उठा गं बाई," असं शेळीला म्हणाली, चुलीतून तिला हाकललं, निखारे घातले आणि मला आत ढकललं. "मामा, फुंका. चूल तुमची, फुंकर तुमचीच पायजे."

मी फुंकलं. माझ्या छपरातून धूर निघाला, सगळ्या भोकांतून एकदम. पालखी वळली, टेकली. आता चूल पेटलीच आहे तर खांदेकऱ्यांना चहा द्यायला हवा, म्हणून मी आयुष्यातला पहिला चहा केला. सगळ्यांनी कप हातात घेतले आणि तात्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. तात्यांनी एक घोट घेतला.

"कसा झालाय?" मी विचारलं.

"वाईट," तात्या म्हणाले आणि कप खाली ठेवला.

"माझ्याकडे चला सगळे, मी टाकते," वनिता म्हणाली. "देवीला सावलीत बसू दे जरा."

आणि सगळा गाव, साहेब, बाई, ढोलकरी, माझी शेळीसुद्धा, त्या निळ्या दाराकडे निघून गेला. देवीजवळ कुणीतरी थांबायला हवं म्हणून मी थांबलो. पलीकडून कपबश्या, बाळाचं रडणं आणि साहेबांचं मोठमोठ्याने बोलणं ऐकू येत होतं. इतकी निवांत संधी पुन्हा मिळणार नाही म्हणून मी देवीला पहिल्यापासून सगळं सांगितलं. विहीर, गंगाराम, लंगडी बायको, झाडून सगळं, जसं घडलं तसं, पदरचं एक अक्षर न घालता.

तिला काही ते पटलेलं दिसलं नाही.